चौकटीवरची पट्टी

साहेब, तुम्ही खोटं बोललात. तुमच्या फुटबॉल क्लबच्या मैदानाच्या फाटकावर 'इथे फक्त खेळ बघितला जातो' असं हाताएवढ्या अक्षरांत रंगवून घेतलंत आणि आतल्या खोलीत दाराच्या चौकटीला मोजपट्टी ठोकलीत. पोरांसाठी नाही. पोरांच्या आईबापांसाठी. वासरू विकत घेणारा आधी गाय बघतो, तशी तुम्ही माणसं बघितलीत. आणि वर तोंड करून सांगितलंत, की सगळे मोठे क्लब असंच करतात, आईबाप किती उंच त्यावरून पोरगं पुढे किती वाढेल ते कळतं, आणि जे वाढणारच नाही त्याला शिकवण्यात कशाला घाम गाळायचा!

तुमच्या त्या पट्टीने ज्या पोराचा बळी घेतला, त्याला सगळे भोवरा म्हणायचे. अकरा वर्षांचं पोरगं. बॉल पायाशी आला की स्वतःभोवती असं गरकन फिरायचं, की समोरचा पोरगा एकीकडे आणि हा भलतीकडेच. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. इमारतीच्या जिन्याखाली जागाच एवढी, की फिरल्याशिवाय बॉल बाहेर निघायचा नाही.

बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. अंगाने सडपातळ आणि उंचीने चांगलाच कमी. कामावर त्याचं कुणाला वाईट वाटत नसे, उलट सोयच होती. लिफ्टच्या तळाशी जो खड्डा असतो त्यात बाकीच्यांना दुमडून बसावं लागे, हा मात्र आरामात काम करी. "ए पॉकेट, उतर रे खाली!" असं वरून कुणी ओरडलं, की हा खालून ओरडे, "उतरलोय कधीचा, तुझी ढेरी बाजूला घे, उजेड येऊ दे!" आपण बुटके आहोत याचं त्याला आयुष्यात कधी काही वाटलं नव्हतं. वाटायला लावलंत ते तुम्ही.

निवडीच्या दिवशी एका इस्पितळाची लिफ्ट मधेच अडकली आणि त्याला जावं लागलं. भोवऱ्याची आई लॉन्ड्रीत कामाला, तिची पाळी सुटणार दुपारी. मग पोराला घेऊन गेला बापाचा साडू, म्हणजे पोराच्या मावशीचा नवरा. ह्याला घरात उंटकाका म्हणत. दारातून आत शिरताना मान वाकवायची त्याला इतकी सवय, की मोकळ्या मैदानातही वाकूनच चालायचा. फुटबॉलशी त्याचा संबंध एवढाच, की बॉल अंगावर आला की पाल पडल्यासारखी उडी मारायची.

भोवरा त्या दिवशी सुंदर खेळला. खेळ संपल्यावर आत बोलावणं आलं.

"सात नंबरबरोबर कोण आहे?" साहेबांनी विचारलं.

"मी, मी!" उंटकाका पुढे झाला.

"बूट काढा. चौकटीला पाठ लावा."

त्याने काढले. नंतर घरी सांगताना म्हणाला, "मला वाटलं, बापलोकांचीपण टीम काढतायत की काय!" साहेबांनी पट्टीकडे बघितलं. पट्टी कमी पडत होती. साहेबांचा चेहरा खुलला.

"मिसेस किती उंच आहेत?"

"ती होय? असेल इथवर," म्हणत उंटकाकाने स्वतःच्या खांद्यावर हात ठेवला. स्वतःच्याच बायकोचं विचारतायत असं समजून त्याने खरं तेच सांगितलं. तू पोराचा बाप आहेस का, हे काही त्या खोलीत कुणी विचारलं नाही. एवढ्या उंच माणसाला विचारतंय कोण?

भोवरा निवडला गेला.

पुढचे काही आठवडे त्या घरात हसण्याखिदळण्याचे होते. ज्याला सगळे नुसतं सर म्हणत असा एक तरुण प्रशिक्षक त्या मुलांना शिकवी, आणि शिकवी मन लावून, हे खोटं का बोला. बॉल आपल्याकडे यायच्या आधी खांद्यावरून मागे बघून घ्यायचं, अंग मधे घालून बॉल झाकायचा, वळताना कुठला पाय आधी ठेवायचा. भोवरा जिन्याखाली जे नकळत करत होता, त्याला आता आकार येत होता. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्याच्या मानेत डोळे आहेत, बघा." एकदा तर असा वळला, की कडेला उभ्या साहेबांनी टाळी वाजवली.

घरी मोज्यांचा गोळा करून दोन खुर्च्यांमधून सामना चाले. बाप दरवेळी आपटे.

"बाबा, तुम्ही बॉल बघता! बॉल नाही बघायचा. माझी कंबर बघा, कंबर."

"तुझी कंबर आहे कुठे, दाखव तरी," बाप जमिनीवरून म्हणे, आणि आई स्वयंपाकघरातून ओरडे, "खुर्चीचा पाय मोडलात तर दोघंही उभ्याने जेवाल!"

मग बापाची सुट्टी आणि पोराचा सराव एकाच दिवशी आले. बाप इस्त्रीचा शर्ट घालून मैदानावर गेला. नखांतलं ग्रीस काही निघालं नव्हतं, म्हणून हात पुढे करताना जरा संकोचला.

"सर, नमस्कार. मी सात नंबरचा बाप."

सर हसले. "नाही हो, त्याचे वडील ते उंच..."

"तो माझा साडू. मला काम निघालं ना त्या दिवशी, म्हणून तो आलेला."

सरांचं हसू तिथल्या तिथे वाळलं. नजर बापाच्या टाळूवरून सुरू झाली आणि टाचेपर्यंत पोचायला तिला फार वेळ लागला नाही. "अच्छा," ते म्हणाले, आणि आतल्या खोलीकडे गेले. बाप बिचारा कडेला उभा राहून टाळ्या वाजवत राहिला. आपण काय करून बसलो, हे त्याला कळलंच नाही.

पुढच्या सरावाला भोवरा टाकीमागे होता.

टाकीमागे म्हणजे पाण्याच्या टाकीपलीकडचा मैदानाचा तुकडा. गवत नाही, बॉल सोललेले. नापास झालेल्या पोरांना क्लब लगेच हाकलत नाही, कारण ती उपयोगी पडतात. निवडलेल्यांना फ्री किकचा सराव द्यायचा असला, की ह्यांना बोलावून गोलासमोर भिंतीसारखं ओळीत उभं करतात. खांद्याला खांदा लावून, दोन्ही हात पुढे धरून उभं राहायचं. आणि हलायचं नाही. बॉल येऊन आदळतील ते आदळतील. लाकडी पुतळे मिळतात त्यासाठी, पण पोरं असताना पुतळे कशाला?

बाप पाळीवरून परस्पर तिकडे आला, तेव्हा त्याचं पोरगं त्या भिंतीत उभं होतं. डोळे मिटून. एक बॉल मांडीवर बसला. कालपर्यंत ज्याच्याबरोबर खेळत होता तोच पोरगा मारत होता, आणि सर त्याला सांगत होते, "छान, अजून थोडा वर." लिफ्टच्या खड्ड्यात साचलेलं, उंदीर कुजलेलं पाणी बापाने हाताने उपसलेलं होतं, पण अशी शिसारी त्याला कधी आली नव्हती.

"सर, काय झालं? काही चुकलं का त्याचं?"

"चुकलं असं नाही. वरून आलंय. जरा पायाने कमी पडतो."

"परवापर्यंत पडत नव्हता."

सर गळ्यातली शिट्टी उलटीसुलटी करून बघू लागले, जसं काही उत्तर तिच्यातच अडकलं होतं. मग हळूच म्हणाले, "साहेबांना आईवडिलांचं माप बघावं लागतं. तुम्ही... समजून घ्या. महिनाअखेरपर्यंत येऊ दे त्याला."

बाप समजला. सगळं एकदम समजला.

घरी आई पोराच्या मांडीवरच्या लाल चट्ट्यांना ओलं फडकं लावत होती. पोरगं तिच्याकडे न बघता, भिंतीशी बोलल्यासारखं म्हणालं, "बाबा, उद्यापासून उंटकाकांना पाठवा ना."

"का रे?"

"ते आले तर परत घेतील मला. त्यांनी फक्त सांगायचं."

"काय सांगायचं?"

"की तेच बाबा आहेत."

आईचा हात थांबला. फडक्याचं पाणी पोराच्या पायावरून ओघळत राहिलं. पोराने वाईट म्हणून म्हटलं नव्हतं. त्याला खेळायचं होतं, आणि मोठ्या माणसांनी जो दरवाजा दाखवला होता त्यातूनच ते आत जाऊ बघत होतं. अकरा वर्षांच्या लेकराला बाप बदलावासा वाटावा, हे तुम्ही शिकवलंत, साहेब. शिकवण्यात तुमचा हात कोण धरणार!

आईने फडकं बादलीत आपटलं. "तुम्ही जाताय, की मी जाऊ?"

दुसऱ्या दिवशी सरावाच्या वेळेला तिघं त्या खोलीत शिरले. बाप, पोरगं आणि मान वाकवून उंटकाका. साहेब टेबलामागे, सर खिडकीशी.

"बरं झालं आलात," साहेबच आधी बोलले. "फसवणूक केलीत तुम्ही आमची. भलताच माणूस उभा केलात."

"भलता?" उंटकाका उखडला. "अहो, तुम्ही म्हणालात बूट काढा, मी काढले! बाप आहेस का विचारलं असतंत तर सांगितलं नसतं का? माझ्या सात पिढ्यांत कुणी खोटं..."

"तू थांब," बाप म्हणाला.

साहेब खुर्चीत मागे रेलले. आवाज एकदम मऊ केला. "हे बघा, मनाला लावून घेऊ नका. हे शास्त्र आहे. आज चांगलं दिसणारं पोर सोळाव्या वर्षी कुठे असेल, ते आम्हाला आज ठरवावं लागतं. लहान चणीची मुलं धक्क्यात टिकत नाहीत."

"मग मला घ्या की टीममध्ये!" उंटकाकाला राहवेना. "मी तर वाढून तयारच आहे. पट्टी संपली तुमची माझ्यापुढे."

खिडकीशी सर फसकन हसले आणि लगेच खोकले. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "पोराला आधी बाहेर पाठवा. हे मोठ्यांचं बोलणं आहे."

"नाही. तो इथेच थांबेल," बाप म्हणाला. "भिंतीत उभं करताना तो लहान नव्हता."

त्याने खाली वाकून बूट काढले. एका मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, ते त्याने झाकलं नाही. चौकटीपाशी गेला, टाचा लावल्या, पाठ लावली, डोकं टेकवलं. पट्टीचा वरचा भाग त्याच्या डोक्यावर रिकामाच राहिला. पोरगं टक लावून बघत होतं.

"घ्या माप. सर, तुम्ही वाचा. मोठ्याने वाचा, ह्याला ऐकू जाऊ दे."

सर हलले नाहीत.

"नसेल वाचायचं तर राहू द्या. मी एवढाच आहे, आणि ह्याचा बाप मीच आहे. आता साहेब, तुम्ही माझ्याकडे बघू नका, ह्याच्याकडे बघा. हा वळला तेव्हा तुम्ही टाळी वाजवलीत. मानेत डोळे आहेत, असं सर म्हणाले. त्यानंतर ह्याचे पाय बदलले नाहीत. मान बदलली नाही. बॉल तोच, मैदान तेच. बदलला तो फक्त कडेला उभा असलेला माणूस. मग इतके दिवस तुम्ही बघत होतात ते काय? ह्याला सांगा. ह्याच्या तोंडावर सांगा, टाळी कुणासाठी वाजवली होतीत?"

साहेबांनी टेबलावरचं पेन उचललं, परत ठेवलं.

"पेन नको, साहेब. तोंडाने बोला. पोरगं ऐकतंय."