तोमासाच्या हाताची दांडी

पाराचो गावातल्या लिब्रादोने बायकोसाठी गिटार केली. तोमासाची बोटं संधिवाताने आखडली होती, पण तिला निदान एक गाणं वाजवायचं होतं. त्याने डाव्या हाताने धरायच्या दांडीची पाठ कानशीने घासून पुन्हा पुन्हा पातळ केली. मनगट सरळ राहावं म्हणून तिच्या डाव्या पायाखाली पाट सरकवला.

"आता बघ."

"हातात छान बसते. पण बोटाने तारच दाबली जात नाही रे."

"अजून थोडी घासतो."

"म्हाताऱ्या, जन्म गेला तुझा गिटारी करण्यात. याहून पातळ केलीस तर तारांच्या ताणाने वाकेल, हे मी सांगायचं?"

त्याला ते ठाऊक होतं. तरीही त्याने तारा सैल केल्या आणि कानस उचलली. तोमासाने त्याला थांबवायला होता नव्हता तो जोर लावून त्याचं मनगट पकडलं. त्याला तिची पकड जाणवलीच नाही.