चौथं पिल्लू

आज नव्वदावा दिवस! भार्गवीनं सकाळचा चहाही घेतला नव्हता. झेब्रा फिंच नावाच्या या इवल्याशा पाखराचं गाणं नव्वद दिवसांत पक्कं झालं की झालं. पुढे जन्मभर तेच. आणि त्याच गाण्यावर तिची पुणं सोडून बेंगळुरूत घातलेली तीन वर्षं टांगलेली होती.

पिल्लू लहानपणी बापाचं गाणं ऐकतं, मेंदूत साठवतं, मग नुसतं बरळत, स्वतःचाच आवाज ऐकत ते जुळवून घेतं. बाप टेपमधला असला तर चालेल का, एवढाच भार्गवीचा प्रश्न. काचेच्या पेटीत एकटं पिल्लू आणि टायमरवर दर तासाला वाजणारी टेप. पहिली तीन पिल्लं सपशेल नापास! हे चौथंही गेलं तर प्रबंध गुंडाळा, असं तिचे मार्गदर्शक नरसिंहराव सरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

पिल्लानं छाती फुगवली आणि गायलं. भार्गवीनं धावत जाऊन कॉम्प्युटरवर आवाजाचा आलेख काढला, बापाच्या आलेखाशेजारी धरला. अहो, हुबेहूब! शेवटचा खरखरीत सूरसुद्धा तोच.

"गंगव्वा, जमलं! त्याला जमलं!" पिंजरे साफ करणाऱ्या गंगव्वांना तिनं गच्च मिठीच मारली. मूळच्या निपाणीकडच्या गंगव्वा मुलखाच्या मितभाषी. पण आज त्यांचा चेहराच उतरला.

"अक्का, रागावू नका. ते टायमर पिल्लू आणलं त्याच आठवड्यात बंद पडलंय. करंट सारखा जात होता की. तुम्ही वरडशीला म्हणून गप बसले. हातानंच बटण दाबत होते मी."

भार्गवीनं मिठी सोडली. "दर तासाला दाबायचात ना?"

"न्हाई हो. दाणे खात असलं तर कशाला उगा त्याचे कान खायचे? पुढच्या दांडीवर येऊन, मान वाकडी करून बघाय लागलं की एकदा लावायची. मागंल तवाच द्यायचं."

भार्गवी पेटीकडे वळली. तिनं पहिल्या तिघांच्या कानांत दिवसभर गाणं ओतलं होतं आणि शिकलं कोण, तर मागून घेणारं!

तेवढ्यात सर आले. आलेख बघून खूश झाले. "टायमर नीट चालला तर एकदाचा!"

हो म्हटलं असतं तर प्रबंध तिथेच वाचला असता.

"बंद पडला सर, आणि फार बरं झालं!" भार्गवीनं एका दमात सगळं सांगून टाकलं. "आता पाचव्या पिल्लाच्या दांडीखालीच बटण बसवू. त्याचं त्यालाच मागू दे!"

सरांनी वाकून पेटीतली दांडी निरखली.

"बटण हलकं लागेल," ते म्हणाले. "पिल्लू भरतं जेमतेम बारा ग्रॅम."