तेवीस दिवसांचा खुलासा

नवरा-बायको खरोखरचे आहेत हे पटवून द्यायला अमेरिकन सरकारला काय काय लागतं, याची यादी मी शिलाई मशीनच्या वर भिंतीला चिकटवली आहे. लग्नाचा दाखला. जन्माचा दाखला. पोलिसांचा दाखला; तो मिळाला, भोपाळ पोलिसांच्या मते मी सभ्य बाई आहे. एकत्र काढलेले फोटो. आमचे चौदा आहेत, त्यातल्या नऊ फोटोंत अंबरीश माझ्याकडे न बघता मशीनच्या मोटरकडे बघताहेत, कारण ती तेव्हा आवाज करत होती. आणि शेवटी, दोघांमधला नियमित संवाद.

लग्न झालं तेव्हा मी एकोणपन्नास वर्षांची होते, हे अठ्ठावन्न. त्यांचं दुसरं, माझं पहिलंच. आमचे बाबा अमरावतीहून सरकारी नोकरीत इकडे भोपाळला आले, शिवाजी नगरच्या क्वार्टरमध्ये मी वाढले. बाबा गेले, क्वार्टर गेलं, मग आई आणि मी कोटरा वस्तीत दोन खोल्यांत राहिलो. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी फॉल-पिको आणि ब्लाउज सुरू केले. शिक्षण बारावी नापास. बाकीचं शिक्षण वर्तमानपत्रांचं. ब्लाउजचं कागदी कटिंग करायला रद्दी लागते, आणि कात्री चालवायच्या आधी वाचून घ्यायची मला खोड आहे. त्यामुळे देशात जे जे चाललं आहे त्या प्रत्येकावर माझं मत आहे. फक्त ते ऐकायला कुणी नव्हतं.

आई गेल्यावर एका ओळखीच्या बाईंनी स्थळ आणलं. मूळचे नागपूरचे, पंचवीस वर्षं ओहायोत, कारखान्यात यंत्रांची देखभाल करतात, तिथलेच नागरिक, बायको चार वर्षांपूर्वी वारली. न्यू मार्केटातल्या कॉफी हाऊसात आम्ही भेटलो. पहिली पाच मिनिटं हवापाण्यात गेली. मग ते म्हणाले, ह्या देशात शिस्तच नाही. मी म्हटलं, शिस्त हवी असलेली माणसं देश सोडून गेली ना, मग कशी राहील? पुढचे दोन तास आम्ही भांडलो. वेटरने तीनदा विचारलं, और कुछ? उठताना हे म्हणाले, "चार वर्षांत माझ्याशी कुणी इतकं बोललं नव्हतं." महिन्याभरात कोर्टात लग्न.

एकोणीस दिवस राहिलो आम्ही एकत्र. मग ते गेले आणि माझ्या व्हिसाची फाईल सुरू झाली. पहिला अर्ज मंजूर व्हायलाच सोळा महिने लागले. मुंबईला मुलाखत व्हायची आहे, तिची तारीख अजून नाही.

या सगळ्या काळात आमचा संसार फोनवर. सकाळी मी उठायच्या आत यांची बातमी आलेली असायची, खाली एकच ओळ: "हे वाच आणि चीड." मी चिडायची. चहा गाळता गाळता उत्तर लिहायची. दुपारी गिऱ्हाईक गेलं की पुढचा मुद्दा. अमेरिकेने बेड्या घालून विमानभर आपली माणसं परत पाठवली, तेव्हा हे म्हणाले, "नियम म्हणजे नियम. आम्ही लाईनीत उभं राहून आलो." मी लिहिलं, "अहो, तुमची बायकोपण लाईनीतच आहे, जरा मागे वळून बघा." दीड तासाने उत्तर आलं: "पॉईंट आहे. पण चुकीचा आहे."

असं दोन वर्षं. प्रेमाचं म्हणाल तर त्यात नाही. म्हणजे मला तेव्हा नाही असं वाटायचं.

नोव्हेंबरात यांच्या वकिलाच्या ऑफिसातून पत्र आलं. मुलाखतीसाठी दर महिन्याच्या संवादाचे नमुने इंग्रजी भाषांतरासह द्या. आणि जुलैमध्ये पाच तारखेपासून सत्तावीसपर्यंत एकही संदेश किंवा फोन दिसत नाही, त्याचा लेखी खुलासा करा.

आता या तेवीस दिवसांचं सांगते. तेव्हा मुंबईत मराठी बोलत नाही म्हणून कुणाला तरी मारलं, त्याचे व्हिडिओ इकडे घराघरात फिरत होते. हे ओहायोतल्या मराठी मंडळाचे जुने सभासद. यांचं म्हणणं, मार खाल्ल्याशिवाय भाषा शिकत नाहीत लोक. माझं म्हणणं, मी तीस वर्षं भोपाळात हिंदीत मापं घेते, मला एकदाही कुणी कानाखाली ओढली नाही. उलट आईच्या तेराव्याला पूर्ण गल्ली जेवायला होती. मी पुढे लिहिलं, "तुम्ही इंग्रजीत पोट भरता आणि मराठीसाठी दुसऱ्यांच्या पोरांना मारायला लावता." त्यावर यांनी लिहिलं, "तुम्ही भोपाळकर बाटलेलेच."

बाटलेले. पन्नास वर्षं या गावात राहून मी घरात मराठी बोलले. आई गेल्यावर तर घरात दुसरं कुणी नव्हतं, तरी भिंतींशी मराठीच बोलले. मी फोन उपडा ठेवला तो तेवीस दिवस. त्यांनीही केला नाही. अठ्ठावीस तारखेला सकाळी एक बातमी आली, खाली "हे वाच आणि चीड." मी चिडले. झालं.

वकिलाचं पत्र आलं त्या संध्याकाळी यांचा फोन.

"टायफॉइड लिही."

"कुणाला?"

"तुला. तेवीस दिवस टायफॉइड होता, बोलायची ताकद नव्हती. एखाद्या डॉक्टरकडून सर्टिफिकेट घे. मिळतं ना भोपाळात?"

"मिळतं. टायफॉइडपण मिळतो."

"योगिनी, चेष्टा नको. आणि ती भांडणं काढून टाक सगळी. राजकारणाचा एक शब्द फाईलमध्ये जाता कामा नये. चांगलं चांगलं तेवढं दे."

चांगलं चांगलं शोधायला मी खालच्या मजल्यावरच्या शमिकाला बोलावलं. घरमालकांची सून, इंग्रजीच्या क्लासमध्ये शिकवते. भोपाळात जन्मलेली, तिचं मराठी म्हणजे हिंदीला मराठी फॉल लावल्यासारखं. आम्ही दोघी पलंगावर बसून दोन वर्षं वर-खाली करत होतो.

"मावशी, इसमें तो रोमान्स कुठेच नाही!"

"नीट बघ."

"हे घ्या. 'तुझ्या डोक्यात भुसा भरला आहे.' ह्याचं मी काय करू? अठरा पानं झाली, काका एकदा पण आय लव्ह यू बोलले नाहीत."

"पुढे बघ, असेल."

नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून आलं. सकाळी फोन उघडला तर बातमी नाही. होतं ते हे: "गुड मॉर्निंग डियर. हॅड यू टी?" दुपारी, "मिसिंग यू व्हेरी मच." मी विचारलं, बरं आहे ना? तर संध्याकाळी फोनवर म्हणाले, "वकील म्हणाला, संवाद नियमित हवा. इंग्रजीत लिहिलं की भाषांतराचा खर्च वाचतो. तूही लिही."

मीही लिहिलं. "येस डियर. आय हॅड टी."

तीन महिने हे चाललं. दिवसाला सहा संदेश, एकापेक्षा एक गोड. शमिका म्हणाली, अब मजा आया. मला मात्र सकाळी उठावंसं वाटेना. आई गेल्यानंतरची दोन वर्षं मी एकटी होते, पण तेव्हा कुणाची वाट बघायची सवय नव्हती. आता रोज पहाटे फोन वाजायचा, मी धावत जायची, आणि तिथे एक अनोळखी सभ्य गृहस्थ मला विचारत असायचे, हॅड यू टी. मी एकदा मुद्दाम काडी लावली. लिहिलं, इथे जुन्या क्वार्टरच्या भागात झाडं तोडून मोठ्या लोकांसाठी इमारती बांधायची चर्चा परत निघाली आहे, आणि मला वाटतं, बांधू द्या. हे साफ खोटं. लहानपणी त्या झाडांवर मी चढलेली आहे. आणि शिवाजी नगरची झाडं बघून हेच गृहस्थ म्हणाले होते की ती तोडणाऱ्याला आधी तुरुंगात टाका. मी वाट बघत बसले. वीस मिनिटांनी उत्तर आलं: "यू आर राईट डियर."

त्या दिवशी मी एका गिऱ्हाईकाचा ब्लाउज पाठीचा भाग पुढे लावून शिवला.

गेल्या गुरुवारी कागद पाठवायची मुदत संपत होती. शमिका लॅपटॉप घेऊन वर आली. टायफॉइडचं सर्टिफिकेट माझ्या ड्रॉवरमध्ये तयार होतं. डॉक्टरांनी नाडीसुद्धा न बघता दिलं होतं. खुलाशाच्या कागदाच्या तळाशी छापलेलं होतं की वरील मजकूर खरा आहे, खोटा आढळल्यास अर्ज कायमचा फेटाळला जाईल. शमिकाने मला ते तीनदा समजावलं. पण खरं सांगायचं तर मी कायद्याला घाबरले नाही. मला एवढंच वाटलं, की हेही कागद असेच खोटे गेले तर त्या भांडणाऱ्या माणसाशी माझं लग्न झालं होतं याचा एकही पुरावा कुठे उरणार नाही. तिकडे मुलाखतीत पास होतील ते दोघं कुणी वेगळेच असतील.

"लिही," मी म्हटलं. "पाच जुलै ते सत्तावीस जुलै आम्ही बोललो नाही. माझे पती मला म्हणाले की भोपाळचे लोक बाटलेले. मला राग आला. अठ्ठावीसला त्यांनी मला एक बातमी पाठवली आणि आम्ही परत भांडायला लागलो."

"मावशी, पक्का?"

"पक्का. आणि वीस पानं भांडणं जोड. भुसा आहे ती पण."

"बाटलेले को क्या लिखूँ?"

"लिही, आपलं मूळ विसरलेले. आणि खाली सही मी मराठीत करते."

पाठवलं. संध्याकाळी सात वाजता यांचा फोन आला. तिकडे सकाळ, कामावर निघायच्या आधीची वेळ. मी सरळ सांगितलं.

पलीकडून, "काय लिहिलंस?"

"जे झालं ते."

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" आणि मग जे सुटले! मराठीत, शुद्ध नागपुरी मराठीत, तीन महिन्यांचं साठलेलं. दोन वर्षांची मेहनत पाण्यात घातली, वकिलाला काय तोंड दाखवू, बारावी नापास बाईच्या हातात फाईल दिली हीच माझी चूक. मी मध्ये मध्ये उत्तरं देत होते. शेजारच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं, मी हात हलवला.

"तो अधिकारी म्हणेल, हे तर सारखे भांडतात!"

"म्हणू दे. त्यालाही घर असेल."

"तुला गंमत वाटते. तुला माहीत आहे का, मी पासपोर्ट खिशात घेऊन कामावर जातो? अकरा वर्षं झाली नागरिक होऊन. मागच्या महिन्यात आमच्या कारखान्याच्या दारात इमिग्रेशनवाल्यांची गाडी उभी होती. माझ्याबरोबरचा एक जण नेला. कागद नव्हते त्याच्याकडे, पण नऊ वर्षं माझ्या शेजारी उभा होता. मी काही बोललो नाही. कॅन्टीनमध्ये बोलत नाही, मंडळात बोलत नाही. फोनवर मराठीत बोलताना बाहेर जाऊन उभा राहतो."

मला हे माहीत नव्हतं. रोज सहा संदेश येत होते, आणि मला हे माहीत नव्हतं.

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? तू म्हणाली असतीस, नियम म्हणजे नियम."

"म्हणाले असते."

"हं," ते म्हणाले. "माहीत होतं मला."

मग खालच्या आवाजात, "ते बाटलेले म्हटलं ते चुकलंच माझं. पण मुद्दा बरोबर होता."

"मुद्दा चुकीचाच होता."

"त्यांनी नाही म्हटलं तर, योगिनी?"

यावर मात्र माझं मत नव्हतं. मी म्हटलं, "तुम्हाला उशीर होतोय."

"होऊ दे."

मला त्यांच्याकडे दार लागल्याचा आवाज आला, मग वाऱ्याचा. बाहेर येऊन उभे राहिले असावेत, सवयीने. फोनवर सेकंद पुढे चालले होते. बोलत कुणीच नव्हतं, आणि ठेवतही नव्हतं.