रनवे निवडणारा

“बाबा, खिसा रिकामा करा आधी,” पुष्कर म्हणाला. “त्या दिवशी बँकेत रुमाल काढलात आणि खळ्ळकन सगळं फरशीवर सांडलं. आज तसं नाही चालणार.”

भालचंद्ररावांनी मुकाट्याने सदऱ्याचा खिसा उलटा केला. दोन खिळे, सोड्याच्या बाटलीचं झाकण, एक गंजका नट, चार-दोन खडे. ग्वाल्हेरच्या खासगी बाजारातल्या आपल्या गल्लीतून दुधाला जाऊन येईपर्यंत एवढा ऐवज त्यांच्याकडे रोज जमायचा. मुलाने तो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. सून सीमंतिनी दारामागून पाहत होती. तिने सासऱ्यांना कधी दुरुत्तर केलं नव्हतं, पण त्या डब्याचं झाकण तिने पायाने जरा जोरातच दाबलं.

चार वाजता पुष्करच्या मुलीला, तन्वीला, बघायला पाहुणे यायचे होते. बघायला म्हणजे नावालाच. तन्वी आणि अंशुल बंगळूरला एकाच इमारतीत नोकरीला होते आणि त्यांचं केव्हाच ठरलं होतं. उरला होता तो अंशुलच्या वडिलांचा, माधवरावांचा होकार. माधवरावांचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेत होते म्हणे. आता घरात तलवारीच्या जागी ट्रॅक्टरची एजन्सी होती, पण मिशीचा पीळ तोच. अफसराच्या घरातलीच मुलगी करणार, असं ते चारचौघांत बोलून बसले होते. अशा माणसांना आपला शब्द पोटच्या पोरापेक्षा प्यारा असतो.

आणि घोटाळा झाला होता तो एका शब्दाचाच. मध्यस्थी करणाऱ्या सुधाताईंनी विचारलं होतं, “मुलीचे आजोबा काय करायचे?” पुष्कर म्हणाला, “जहाजावर होते. गोव्याला.” यात खोटं काहीच नव्हतं. भालचंद्रराव नौदलात खलाशी होते, दोन वर्षं विमानवाहू जहाजावरही काढली होती. पण ग्वाल्हेरात समुद्र कुठला? इथे जहाज म्हणजे डोक्यावरून उडतं ते. महाराजपुऱ्याहून हवाई दलाचं विमान उठलं की इथली मराठी पोरंही बोट वर करून “जहाज, जहाज” म्हणून ओरडतात. सुधाताईंनी जहाज ऐकलं, जहाजाचा पायलट केला आणि माधवरावांच्या घरी पोचेपर्यंत तो स्क्वाड्रनचा प्रमुख झाला. पुष्करला हे कळलं तेव्हा तो हसला आणि गप्प राहिला. त्याचं ते गप्प राहणं म्हाताऱ्याला फार लागलं होतं.

दुपारी तन्वी गच्चीवर आली. आजोबा वाळत घातलेल्या पापडांची राखण करत बसले होते.

“आजोबा, एक रिक्वेस्ट आहे. आज कोणी काही विचारलं ना, तर बस, हाँ-हूँ करून द्या. प्लीज. अंशुलचे बाबा थोडे वैसे आहेत.”

“आणि पुढे कळलं तर?”

“शादीनंतर मी सांगून देईन ना अंशुलला.”

“काय सांगशील?”

ती अडखळली. “हेच, की तुम्ही तिथे... सफाईत होते.”

भालचंद्ररावांनी पापडावरची माशी हाकलली. सफाईत. हीच पोर लहानपणी त्यांचं बोट धरून गल्लीतून वाकून चालायची, “आजोबा, मला सापडला! माझा खडा मोठा!” म्हणून नाचायची. तेव्हा तिला सगळं माहीत होतं. मोठी झाल्यावर विसरली, आणि विसरलेल्या जागी हा शब्द येऊन बसला. तो तिला कोणी दिला, हे विचारण्यातही अर्थ नव्हता.

गेल्या वर्षी ती मैत्रिणींबरोबर गोव्याला गेली होती, तेव्हा दाबोळीलाच उतरली. परत आल्यावर त्यांनी अधीरपणे विचारलं होतं, “धावपट्टी पाहिलीस?” तर म्हणाली, “आजोबा, तिथे तर काहीच नाही पाहायला. साधा एअरपोर्ट आहे.”

काहीच नाही! पोर्तुगिजांनी समुद्राच्या डोक्यावर, पठारावर बांधलेली ती धावपट्टी. गोवा मोकळा झाला आणि ती नौदलाच्या हाती आली. भालचंद्र तिथे गेला तेव्हा ओठावर नुकती मिसरूड होती. पंख्याची जुनी विमानं पहाटे निघायची आणि समुद्रावर गस्त घालून कलत्या उन्हात परतायची. पुढे हॅरियर आली. ती जागच्या जागी उभी उतरायची, तेव्हा कानात बोटं घालूनही छातीत धडधड व्हायची. रिकाम्या वेळात प्रवासी विमानंही तिथेच उतरायची. आणि या सगळ्यांच्या आधी, पहिलं इंजिन सुरू व्हायच्या आत, खलाशांची एक रांग पट्टीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत खांद्याला खांदा लावून उभी राहायची आणि खाली बघत चालू लागायची. जांभ्याचा खडा, एखादा नट, घारीने टाकलेलं हाड, जे दिसेल ते उचलायचं. इंजिन हवेबरोबर वाटेल ते ओढून घेतं. बोराएवढा खडा आत गेला तर विमान समुद्रात, आणि आतला पोरगाही.

लग्नानंतर पहिल्या रजेवर त्यांनी हे सरोजिनीला सांगितलं, तेव्हा ती तूर निवडत होती. हातातलं सूप थांबवून ती खळखळून हसली होती. “म्हणजे तुम्ही रनवे निवडता! माझंच काम की. तुमचं सूप तेवढं मोठं.” तेव्हापासून तो शब्द त्यांचा झाला. सरोजिनी जाऊन सहा वर्षं झाली, पण कोणी मनापासून विचारलं तर भालचंद्रराव अजून तेच सांगायचे, मी रनवे निवडायचो. त्यांची रांग चालून गेलेल्या पट्टीवरून एकही विमान खड्यापायी पडलं नाही. पण न घडलेल्या गोष्टीची फोटोफ्रेम करता येत नाही. काही झालं नाही, हीच त्यांची सगळी कमाई होती.

पाहुणे आले. माधवराव कोचावर ऐसपैस बसले, अंशुलच्या आई मंदाताईंनी तन्वीला शेजारी बसवून घेतलं. अंशुल सालस होता, वाकून पाया पडला. पोहे झाले, बेसनाचे लाडू झाले. तेवढ्यात खिडकीची तावदानं थरथरली आणि एक विमान आभाळ फाडत घरावरून गेलं.

“बघा, जहाजसुद्धा तुम्हाला सॅल्यूट करून गेलं!” माधवराव खूश होऊन म्हणाले.

“ते हवाई दलाचं,” भालचंद्रराव म्हणाले. “आम्ही नेव्हीत.”

पुष्करने खोकला काढला.

“तेच तर! नेव्हीचा पायलट म्हणजे अजूनच मुश्किल काम. तुम्ही नेमकं काय चालवायचे?”

 सीमंतिनी ट्रे घेऊन दारातच थबकली. तन्वी आजोबांकडे बघत होती आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. भालचंद्ररावांना त्या पोरीचं सुख हवं होतं, स्वतःच्या जिवापेक्षा जास्त हवं होतं. पण एवढी वर्षं वाकून चाललेली पाठ आज आपल्याच घरात, आपल्याच तोंडाने नाकारायची? ते नाही जमायचं. त्यांनी कप खाली ठेवला.

“मी काही चालवायचो नाही,” ते म्हणाले. “मी रनवे निवडायचो.”

पुष्करने डोळे मिटून घेतले.

माधवरावांनी क्षणभर विचार केला आणि मांडीवर थाप मारली. “अरे वा! ऐकलंस का मंदा? हे स्वतः नव्हते चालवत. हे ठरवायचे कोणी कुठे उतरायचं! म्हणजे पायलटांच्याही वरचे. रनवे निवडून द्यायचे, काय समजलीस!”

“एकच होती,” भालचंद्रराव म्हणाले. “तिथे धावपट्टी एकच होती.”

यावर माधवराव असे गडगडून हसले की कोच हलला. “फौजी माणसाचा मजाक पण कसा असतो बघा!” मग सगळेच हसले. पुष्कर तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला.

आणखी एका शब्दाचं काम होतं. डाळ, एवढा एकच शब्द. डाळ निवडतात तशी, म्हटलं असतं की झालं असतं. भालचंद्ररावांनी तोंड उघडलंही. समोर तन्वी होती. लहानपणी खडा सापडल्यावर व्हायचा तसाच तिचा चेहरा उजळला होता. त्यांनी कप उचलला आणि गार झालेला चहा संपवला.

होकार तिथल्या तिथे मिळाला. मंदाताईंनी तन्वीच्या हातावर नारळ ठेवला. माधवरावांनी जाता जाता सांगितलं, “लग्नात आजोबांनी मेडल लावूनच यायचं हं. आमचे सगळे लोक बघतील.” पुष्कर परस्पर “हो, हो” म्हणाला.

पाहुणे उंबऱ्याबाहेर चपला घालत होते, तेव्हा तन्वीने मागून येऊन आजोबांना घट्ट मिठी मारली आणि कानात कुजबुजली, “आजोबा, कमाल! काय मस्त झूठ बोललात! मला तर वाटलं होतं, तुमच्याकडून नाही होणार.”

भालचंद्ररावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सरोजिनीने दिलेला तो शब्द त्यांनी आयुष्यभर जपला होता. आज नातीच्या तोंडून तो खोटा ठरला, आणि वर शाबासकी मिळाली. त्यांना एकाएकी फार थकल्यासारखं झालं.

पायरीवर, मंदाताईंच्या पावलापुढे, एक मोळा, चांगला बोटभर खिळा, पडला होता, टोक वर करून. भालचंद्रराव सवयीने वाकले. कंबर कुरकुरली, तरी वाकले आणि तो उचलला.

“काय सापडलं हो आजोबा?” मंदाताईंनी विचारलं.

पुष्कर घाईने पुढे झाला. तन्वी हसू आवरत उभी होती.

“काही नाही,” भालचंद्रराव म्हणाले, आणि बाजूला होऊन त्यांनी पाहुण्यांना वाट दिली. सकाळपासून रिकाम्या असलेल्या खिशात त्यांनी तो मोळा टाकला आणि वर हात ठेवला.