सोडवून ठेवलेली वायर

स्क्रू ओठांत धरून त्यांनी कार्ड खाचेवर टेकवलं. उजवा हात अजून सांगितलेलं सगळं ऐकत नव्हता, म्हणून डाव्या तळव्याने वरून दाब दिला. खट्ट झालं. जेवणाच्या टेबलावर, बायकोने बाद करायला काढलेल्या चादरीवर, म्हातारा कॉम्प्युटर एका कुशीवर पडून होता.

ती समोर मटार सोलत होती. म्हणजे एकच शेंग बराच वेळ हातात धरून बसली होती.

"जमतंय ना? नाहीतर दुकानातल्या मुलाला बोलावू."

"त्या मुलाच्या जन्माआधीचा आहे हा," ओठांतला स्क्रू काढून ते म्हणाले. "नवी डिस्क लावायला याला खाचच नाही, म्हणून तर हे कार्ड आणलं. तो सरळ म्हणेल, भंगारात द्या."

अर्धांगाचा झटका सौम्य होता, असं डॉक्टर म्हणाले होते. पण ते घरी आल्यापासून ती त्यांच्या मागे मागे फिरत होती, न बोलता सगळं जागच्या जागी ठेवत. आतल्या खोलीतलं स्टूल रोज खिडकीपाशी सापडायचं. ती उचलून आत न्यायची. बाजारातून यावं तर गॅसवर पाणी खळखळतंय आणि हे खिडकीत बसलेले! ती आल्या पावली गॅस बंद करायची. लेक फोनवर सारखी विचारत होती, "आई, बाबा विसरतात का गं? तसं असेल तर दोघांनी एकटं राहायचं नाही. घर बंद करायचं आणि माझ्याकडे यायचं." आज संध्याकाळपर्यंत सांगते, असं तिने कबूल केलं होतं.

त्यांनी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर एक-दोन ओळी सरकल्या आणि खाली इंग्रजीत उमटलं, की सुरू व्हायला डिस्कच सापडत नाही.

"हं," ते म्हणाले. कॉम्प्युटर बंद केला, प्लग उपटला आणि हात धुवायला निघून गेले. काय झालं, का झालं, काही नाही. लग्नापासून हे असंच.

ती उठली आणि वाकून आत पाहिलं. जुन्या डिस्कची वायर नुसती लोंबत होती. लग्नापासूनचे सगळे फोटो त्या डिस्कमध्ये होते, आणि हा माणूस तिचीच वायर लावायला विसरला. नळ वाहत होता तोवर तिने ती कशीबशी आत खुपसली आणि जागेवर येऊन शेंग हातात घेतली.

ते आले, प्लग लावला. बटणाशी नेलेलं बोट थांबलं. त्यांनी प्लग परत काढला.

"ही कोणी लावली?"

"कुठली?"

"अगं, ही. मी सोडवून ठेवली होती."

"सोडवून?"

"नवं कार्ड आधी एकट्याने तपासायचं. जळलं-बिळलं तर नवं जळू दे. आपलं सगळं जुन्यात आहे ना? नव्या डिस्कचं नाव आलं वर, म्हणजे कार्ड ठीक आहे. आता लावणारच होतो ही." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुला वाटलं, विसरलो."

"छे हो."

"आणि लावलीस तीही अर्धवट."

त्यांनी उजवा अंगठा वायरीवर ठेवला. दाबायला वेळ लागला. तिने हात मांडीवरच ठेवले. खट्ट.

कॉम्प्युटर कण्हला, कुंथला, आणि पडद्यावर पुढचे दोन दात पडलेली लेक हसली. बाजूला दोन्ही डिस्का, जुनी आणि नवी, शेजारी शेजारी. तिने श्वास सोडला तो एवढा मोठा, की त्यांनी वळून पाहिलं. तेवढ्याने तिला धीर आला.

"मग ते स्टूल? रोज खिडकीपाशी विसरता ते?"

"विसरतो कसला! तिथून कोपरा दिसतो. तू पिशव्या घेऊन वळलीस, की दोघांच्या चहाचं आधण ठेवतो आणि परत येऊन बसतो, तू दारात पोचेपर्यंत." त्यांनी कॉम्प्युटरच्या झाकणाचा स्क्रू पिळला. "तू येतेस आणि तोंड मिटून गॅस बंद करतेस. मला वाटलं, चहा सोडलास. म्हटलं, सांगेल कधीतरी."

तेवढ्यात फोन वाजला.

"हं, बोल गं," ती लेकीला म्हणाली. "नाही, घर-बिर काही बंद करायचं नाही. तू जेवायला ये रविवारी. बाबा? बाबांना काय धाड भरलीय? माझीच आत्ता खरडपट्टी काढली त्यांनी."

फोन ठेवून तिने पिशवी घेतली.

"लिंबं संपलीत. आणते."

फ्रिजमध्ये चार लिंबं होती. जाता जाता तिने आतलं स्टूल उचललं, खिडकीपाशी ठेवलं आणि चपला पायात सरकवल्या.

परतताना कोपऱ्यावर वळली आणि मग ती जरा रेंगाळली. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. आधण यायला वेळ लागतो.