टकटक कमी होत गेली

मी अंडी उबवायची पेटी बोलतेय. हळू बोलते, कारण माझ्या पोटात आत्ता बदकांची अंडी आहेत आणि माझे कान तिकडेच लागलेत.

या घरच्या धाकट्या सुनेच्या, म्हणजे धाकटीच्या, सुतार भावाने, दादाने, मला एका मोडक्या कपाटातून घडवलं. आत दिवा, पाण्याची वाटी, वर काचेचं झाकण. बहिणीच्या हाती देताना तो म्हणाला, "ही बिघडली तर माझं नाव बदलून ठेव."

सुरुवातीचे दिवस गजबजाटाचे होते. अंड्यांतच नाना तऱ्हा, काही पांढरी, काही निळसर. एखादं पिल्लू उतावळं, सगळ्यांच्या आधी टरफलावर चोच मारायचं. एखादं इतकं आळशी, की भावंडं कोरडी होऊन हुंदडायला लागली तरी हे आतच. एकदा टकटक सुरू झाली की दोन-दोन दिवस मला उसंत नसे.

मग थोरली जाऊ वेगळी निघाली. भांड्यांबरोबर तिने थोडी बदकंही उचलली. धाकटी फाटकातून ओरडली, "ने, ने! गाळ घेऊन चाललीस. अस्सल माझ्याकडेच राहिलीत." त्यानंतर दोघींचं बोलणं बंद.

पुढच्याच वर्षी रोग आला. धाकटीची बदकं पटापट माना टाकू लागली. उरली तीन, एक वाकड्या चोचीचा नर आणि दोन माद्या. ती काही फार बळकट होती असं नाही. कुंपणाच्या फटीतून पळून ती मागच्या खड्ड्यात अडकली होती, म्हणून वाचली. निळसर अंडी घालणाऱ्या एकीलाही पळायचं सुचलं नाही.

त्या तिघांची अंडी माझ्याकडे आली आणि पिल्लंही निघाली. हळूहळू आवार पुन्हा भरलं. येणारे-जाणारे कौतुक करायचे, "वा! साच्यातून काढल्यासारखी आहेत." धाकटी फुलून जायची. मी मात्र गारठायचे. सगळी एकाच रंगाची, निम्म्यांची चोच वाकडी, आणि टकटक सगळ्यांची एकाच वेळेला. उतावळं कोणी नाही, आळशी कोणी नाही. वाटायचं, उद्या एकाला जे मारेल ते सगळ्यांना मारेल.

मग टकटकच कमी होत गेली. अंडी भरलेली असायची, दिव्यासमोर धरली की आतल्या शिरा दिसायच्या. पण शेवटच्या आठवड्यात आत काहीतरी थांबायचं. मला ते थांबणं कळायचं. सांगू कोणाला?

धाकटीने दिवा बदलला, वाटी बदलली. शेवटी वैतागून म्हणाली, "दादा, ही पेटीच पनवती आहे. चुलीत घालते."

"चुलीत घालण्याआधी एक कर," दादा म्हणाला. "शेजारणीच्या त्या दुसऱ्या जातीच्या बदकांची अंडी ठेवून बघ. नाही निघाली तर मीच कुऱ्हाड आणतो."

तो महिना मी जीव मुठीत धरून काढला. शेजारणीची अंडी फुटली आणि काय तो कलकलाट! एकूण एक पिल्लू बाहेर आलं. दादाने माझ्या पाठीवर थाप मारली. "बघ, पेटी ठणठणीत आहे."

धाकटी हसली नाही. "मग दोष कुणाचा रे?"

मी निर्दोष सुटले आणि खरी भीती त्याच क्षणी घरात शिरली.

गुरांची डॉक्टरीण आली. तिने शिवणाच्या डब्याकडे बोट केलं. "समजा, या डब्यात रंगीबेरंगी बटणं होती. डबा सांडला आणि तुमच्या हाती तीनच लागली. आता त्यांच्यासारखी हजार बनवा, रंग तेवढेच राहणार. वर सोयरीक घरातल्या घरात, त्यामुळे प्रत्येकाचं लपलेलं दुखणं दुप्पट होऊन वर येतं. यांच्याच जातीचा, पण बाहेरचा नर आहे कुठे?"

कुठे आहे ते धाकटीला ठाऊक होतं. ती बराच वेळ माझ्या झाकणावरची धूळ पुसत बसली. धूळ नव्हतीच.

चौथ्या दिवशी थोरली दारात उभी. काखेत टोपली, टोपलीत ठिपक्यांचा एक दांडगा नर. "गाळ मागवलात म्हणे?"

"जाऊबाई, टोमणे नंतर मारा. आधी आत या."

त्या नरापासून झालेली अंडी आत्ता माझ्या पोटात आहेत. निळसर एकही नाही. जे गेलं ते एका नराने परत येत नाही; त्याला किती पिढ्या लागतील, कोण जाणे. तुम्हाला हात जोडते, आपल्याकडचं चांगलं बियाणं सगळं एकाच आवारात ठेवू नका. आणि दुसऱ्याच्या टोपलीतल्याला गाळ म्हणू नका.

आज सकाळी एका अंड्यातून टकटक आली. एकाच. बाकीची गप्प आहेत. पूर्वीसारखी ज्याच्या-त्याच्या वेळेला उठणार म्हणून गप्प, की उठणारच नाहीत म्हणून? जन्म या कामात गेला, तरी मला ते ओळखता येत नाही.

दोन्ही जावा समोरासमोर बसल्या आहेत. एकीचा डावा कान माझ्या फळीला लागलाय, दुसरीचा उजवा. कोणीच बोलत नाही. तुम्हीही जरा गप्प राहा. ऐकू या.