भरतीच्या वेळेचा कारखाना

दोन हजार बावीस सालची गोष्ट. त्या वर्षी आमच्या कारखान्याची सर्वांत चांगली कामगार मी माझ्या स्वतःच्या सहीनं घालवली.

भाईंदर पूर्वेला आमचा स्टीलच्या डब्यांचा गाळा आहे. माझे यजमान पुंडलिक यांनी तो सुरू केला. ते गेल्यावर मी चालवू लागले, आणि नातू हृतिक शिकून हाताशी आला. पत्र्याला डब्याचा आकार देणाऱ्या प्रेसवर आणि इतर कामांना मिळून चौदा बायका होत्या. त्यांत चंद्रावती झाकणं तपासायची. डब्यावर झाकण दाबायचं, आवाज ऐकायचा, बसलं तर डावीकडे, नाही तर उजवीकडे. बावीस वर्षं तिचा हात आणि कान चुकले नव्हते.

जूनमध्ये हृतिकनं दारात अंगठ्याचं मशीन बसवलं. नऊच्या ठोक्याला अंगठा, तीनदा उशीर झाला की कामावरून काढल्याचं पत्र. जून-जुलै सगळ्या वेळेवर. हृतिक खूश होता. नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या आणि चंद्रावतीला उशीर होऊ लागला. कधी अकरा, कधी बारा, मध्येच आठवडाभर बरोबर नऊ. हृतिकनं पत्र तयार केलं आणि मी वाचून सही केली. तिनं ते टेबलावर ठेवलं, ओढणीसारखा खांद्यावर टाकलेला पंचा खुंटीवरच्या पिशवीत भरला आणि गेली.

आठ दिवसांत दुसरी एक कामगार, सुलू, गेली. आशाही जाणार असं कानावर आलं. दिवाळीचा माल जायला लागला होता. आमचे जुने व्यापारी अल्पेशभाई यांचा फोन आला.

"माजी, इस बार ढक्कन नाच रहे हैं. दिवाळीत मी लोकांना डबा विकू की गरबा?"

चारशे डबे परत आले. अजून एकदा असं झालं तर ते दुसरीकडे जाणार, हे त्यांनी न सांगताही मला कळलं. चंद्रावतीला आणायचंच, असं मी त्या दिवशी ठरवलं.

दुसऱ्या सकाळी तिच्या घरी गेले. ती अंगणात कोळंबी निवडत बसली होती.

"बसा काकी. पाट हाय, खुर्ची न्हाय."

"बसायला नाही आले. तुला न्यायला आले."

"पयले पत्र, मंग न्यायला. लई उलटी रीत."

"तू कारण का नाही सांगितलंस?"

"मशीन इचारते का कारण? माज्या घोवाची, जानूची होडी भरतीला लागते. एकादशीला सव्वाआठला. मावरा उतरवायचा, इकायचा, मंग मी येनार. पुंडलिकशेठना ठाव होता. ते पंचांग बगून सांगायचे, चंद्रा, उद्या तू दुपारी."

मोरव्याला आमची मिठागरं होती. उधाणाची भरती आली की पाणी घ्यायचं, मग मध्यरात्र असो की भर दुपार. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब मला सासऱ्यांनी शिकवला होता. आणि मीच नऊचा हट्ट धरून बसले होते.

"चूक माझी," मी म्हटलं. "तू हवी तेव्हा ये."

तिनं कोळंबीतून मान वर केली नाही. "एकटीला सूट नको. हिना पोराला शालंतून आनाया पंदरा मिनटा मागते, तिला देत न्हाय. मना दिलीत तर बाया बोलतील, मालकिनीची लाडकी. समद्यांचा होत आसंल तर सांगा."

परत येताना मी पायीच आले. गाळ्यात शिरून हृतिकला समोर बसवलं.

"कागद काढ. प्रत्येकीनं महिन्याच्या सुरुवातीला आपली वेळ सांगायची. आठ तास भरायचे. प्रेसवर कायम माणूस हवा. पत्र बंद."

"आजी, फॅक्टरीची धर्मशाळा होईल."

"धर्मशाळेतून डबे परत येत नाहीत. इथून आलेत."

"आणि सगळ्या एकाच वेळी गेल्या तर?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तिघी एका सकाळी नव्हत्या आणि प्रेस बंद राहिला. हृतिक बंद प्रेसकडे बघत उभा राहिला. मी सगळ्यांना गोळा केलं.

"वेळ तुमची, तर अडचणही तुमची. मी वाटणी करणार नाही. तुम्ही करा."

हिना म्हणाली, "काकी, खडू दो. पण मेरा स्कूल का साढ़ेबारा फिक्स हां, आधीच सांगते." भिंतीवर तिनं कुणाची वेळ कोणती याच्या चौकटी आखल्या. भांडणं झाली. आशानं सकाळ दिली, त्या बदल्यात शनिवार घेतला. दोन दिवसांनी चौकटी पुसून नव्या आखल्या. तिसऱ्या आठवड्यात प्रेस एकदाही थांबला नाही, तेव्हा मी चंद्रावतीला निरोप धाडला. तोवर झाकणांच्या टेबलावर मी बसत होते.

एका सकाळी अकरा वाजता चंद्रावती दारात उभी. आधी भिंतीवरच्या चौकटी वाचल्या, हिनाच्या साडेबारावर बोट ठेवलं, मग टेबलाशी आली. माझ्या डावीकडच्या ढिगातला डबा उचलून झाकण दाबलं.

"हा कोनी पास केला?"

"मी."

"काकी, तुमी सह्या करा. झाकना आमच्यावर सोडा."

सगळ्या हसल्या. मी उठले. तिनं ढीग पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतला. दिवाळीच्या आधी दोन दिवस माल गेला आणि त्यातला एकही डबा परत आला नाही.

अल्पेशभाई अजून आमच्याकडूनच घेतात, भावावरून दरवेळी तेवढेच भांडतात. सुलू परत आली नाही. काशीगावच्या बाजूला एका मोठ्या दुकानात आहे आणि तिथं तिला बरं आहे. मी दोनदा बोलावलं, मग सोडून दिलं. आशा प्रेसवर आहे. हृतिक दर महिन्याला भरतीच्या वेळा छापून भिंतीवर लावतो. अंगठ्याचं मशीन त्यानं काढलं नाही, ते आता फक्त तास मोजतं. जानूनं मागच्या वर्षी होडी विकली. चंद्रावतीला भरतीचं बंधन उरलं नाही, नऊला येते. हिनाच्या नवऱ्याची बदली वापीला झाली म्हणून तिला जावं लागलं. जाण्याआधी दोन महिने, मी सांगितलेलं नसताना, तिनं कामावरच्या समिधाला चौकटी आखायला शिकवलं.